एकोणनव्वदपासून पुढे

“हातचा राहिला तुमचा,” मी म्हणाले आणि लगेच खिडकीकडे तोंड वळवलं.

अनोळखी माणसाच्या कागदात डोकावू नये, हे मला कळत होतं. पण आष्टीच्या पुढे आमची बस किती वेळ जागची हलली नव्हती. समोर कुठेतरी खनिजाचा एक ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. त्याच्यामागे ट्रकच ट्रक, आणि त्यांच्यात अडकलेली आमची गडचिरोली-अहेरी. मार्च संपत आला होता. दोन्ही बाजूंच्या जंगलातून मोहफुलांचा गोड, डोकं जड करणारा वास येत होता. फोनला रेंज नाही. आणि शेजारचा मुलगा मांडीवर वायरीचं भलंमोठं भेंडोळं घेऊन, त्यावर पेपर ठेवून, पेपरच्या कोऱ्या कडेला बेरजा करत होता. मग पाहणार तरी दुसरं काय...

“कुठी राह्यला?” त्यानं विचारलं.

“सहा न् सात तेरा. हातचा एक. चार न् पाच नऊ, न् तो एक, दहा. तिथी शून्य पाहिजे. तुमी नऊ लिहिला.”

त्यानं पेपर डोळ्यांजवळ नेला. ७५४६ च्या खाली ६४५७ लिहिले होते. त्यानं उत्तर खोडलं, १४००३ लिहिलं, आणि हसला.

“म्हणून जमून नव्हतं राह्यलं. आता पाहा हं...” त्यानं १४००३ च्या खाली तोच आकडा उलटा लिहिला, ३००४१. बेरीज केली आणि पेपर माझ्याकडे सरकवला. “वाचा.”

“४४०४४.”

“आता उलटा वाचा.”

मी वाचला. तोच आला.

“एकोणऐंशीपासून निघालो होतो,” तो म्हणाला. “आकडा घ्यायचा, उलटा करायचा, मिळवायचा. जो येईल तो पुन्हा उलटा करायचा, पुन्हा मिळवायचा. कधी ना कधी असा आकडा येते का जो दोन्हीकून सारखा आहे. मंग थांबायचं.”

“अन् कामधंदा?”

“हाच. टॉवरचं काम आहे माह्यं. मोबाइलचे टॉवर. डिझेल आलं नाई, बसा. सामान आलं नाई, बसा. जिथी टॉवर नाई तिथीच जाऊन राह्यतो, म्हणजे फोन बी नाई. मंग आकडे उलटे करतो.”

मी हसले असेन. कारण त्यानं पेन माझ्यापुढे धरलं. “तुमी करा एक. एकोणनव्वद घ्या.”

मला वाटलं, एकोणऐंशी इतक्यात संपला, तर एकोणनव्वदही संपेल. मी लिहिलं. १८७. मग ९६८. तिसऱ्या बेरजेला हात घातला, तर त्यानं पेन काढून घेतलं.

“असं नाई जी. एक तुमी, एक मी.”

त्यानं १८३७ केले, मी ९२१८, त्यानं १७३४७. प्रत्येक वेळी पेन इकडून तिकडे. त्याच्या तळहातांवर दोराचे वळ होते. पेन देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागू नयेत म्हणून तो फार जपत होता, आणि ते जपणंच माझ्या लक्षात आलं. बस अचानक सुरू झाली तेव्हा मला, खरं सांगते, वाईट वाटलं.

आलापल्लीला तो उतरला. त्याला पुढे एटापल्लीकडे जायचं होतं. भेंडोळं खांद्यावर घेऊन तो खिडकीखाली उभा राहिला. “पुढचा तुमचा आहे. या नंबरवर पाठवा. रेंजमध्ये आलो का मी माह्या पाठवीन. पण एक आहे... एका वेळी एकच. अन् इंटरनेटवर शेवट शोधायचा नाई.”

“शेवट येतो का पण याचा?”

“येते. मी एकदा पोचलो आहे.”

“किती मोठा आहे?”

“ते सांगितलं तर तुमी काऊन कराल?” तो म्हणाला. बस निघाली. नाव मला त्याच्या पहिल्या मेसेजमधून कळलं. कुलदीप. राहणार वरोरा, घरी कापूस-सोयाबीन आणि आई.

मी दिव्यानी. चामोर्शीजवळचं आमचं गाव, घरी धानाची शेती. गणित माझ्या आवडीचं होतं. पण लॅब टेक्निशियनला नोकरी लवकर लागते म्हणून बाबांनी मला तिकडे घातलं, आणि ते काही चुकलं नाही. अहेरीच्या दवाखान्यात मी रक्त तपासते. काचेच्या पट्टीवरचा एक थेंब, वर सूक्ष्मदर्शक, आणि मलेरियाचे जंतू शोधत फिरणारे माझे डोळे. त्या दिवशी खोलीवर जाऊन मी बेरीज केली. ९१७१८. पाठवली. एकच टिक आली. दुसरी यायला चार दिवस लागले.

मग ते सुरूच राहिलं. त्याचा आकडा यायचा, खाली एखादी ओळ. “इथी अस्वल येते रोज, टॉवरले पाठ घासते.” किंवा, “आज वरून पाहिलं. जंगलच जंगल. अहेरी कोणत्या बाजूले असंल ते पाहत होतो.” असल्या ओळी मी दिवसातून किती वेळा वाचायचे, ते सांगत नाही.

त्याच्या नोकरीचं एक विचित्रच होतं. तो गावात जायचा तेव्हा तिथे रेंज नसायची. टॉवर उभा राहून चालू झाला, गावाला रेंज आली, की दोन दिवसांत त्याला पुढच्या गावी पाठवायचे, जिथे रेंज नाही. रेंज नेहमी त्याच्या पाठीमागून यायची. मेसेज पाठवायला त्याला एखादा डोंगर चढावा लागायचा, नाहीतर सामान आणायला एटापल्लीला जाईपर्यंत थांबावं लागायचं.

मी पुढच्या सगळ्या बेरजा एका बैठकीत करू शकले असते. कितीदा कागद पुढे घेतला. माझी बेरीज करायची, पाठवायची... आणि त्याची करायची नाही. त्याचा आकडा त्याच्याकडूनच यायला हवा होता. मला शेवट हवा होता की नको होता, तेच मला कळेना.

मे महिन्यात तो अहेरीच्या आठवडी बाजारात आला. आधी कळवलं नव्हतं. मी टेंभरं, तेंदूची पिकलेली फळं, घेत होते, तर मागून आवाज आला, “अठ्ठ्याऐंशी लाख, बहात्तर हजार, सहाशे अठ्ठ्याऐंशी.”

मी वळलेच नाही एकदम. तो माझाच आकडा होता, आदल्या आठवड्यात पाठवलेला. “लोक नमस्कार म्हणतात,” मी म्हणाले.

“नमस्कार सगळ्याइलेच म्हणतो.”

उन्हानं तो पार काळवंडला होता. बाजारच्या कडेला, कडुनिंबाखाली, आम्ही रसाचे ग्लास घेऊन उभे राहिलो. मी त्याला माझा शोध सांगितला. तो लागला म्हणून मी स्वतःवरच खूश होते. “तुमच्या सगळ्या आकड्यांना अकरानं भाग जातो. पहिल्यापासून.”

“काऊन?”

“१८७ म्हणजे अकरा सतरे. अन् ज्या आकड्याला अकरानं भाग जातो, त्याला उलटा केला तरी जातोच. मग दोघांची बेरीज केली तरी जाणारच. एकदा अकराच्या घरात शिरला, की कितीही मोठा होऊ द्या, बाहेर नाई निघत.”

तो ग्लासातल्या बर्फाकडे पाहत राहिला. “मंग माह्यं बी तसंच झालं म्हणा.”

“काय झालं?”

“काई नाई. रस गोड आहे.”

मी त्याला ताळा कसा करायचा ते दाखवलं. एक सोडून एक अंक मिळवायचे, राहिलेले वेगळे मिळवायचे. दोघांचा फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला तर आकडा बरोबर. त्यानं तिथेच तळहातावर पेनानं करून पाहिलं. म्हणाला, “आता माह्या हातचा राहणार नाई. तपासूनच पाठवीन.” मग तो काहीतरी बोलणार होता. ओठ हललेसुद्धा. तेवढ्यात त्याची जीप आली आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

त्यानंतर मेसेजमध्ये ‘तुमी’चं ‘तू’ झालं. कोणी आधी केलं, आठवत नाही.

पावसाळ्यात त्याला एटापल्लीच्या पुढे आत, कोडसेगुडा नावाच्या गावी पाठवलं. नाले भरले की त्या गावाचा रस्ता तुटतो. दोन मेसेजमधलं अंतर वाढत गेलं. आकडे नऊ अंकी झाले होते. इकडे बाबा एक स्थळ घेऊन बसले होते. मुलगा गडचिरोलीला सरकारी कार्यालयात, घर स्वतःचं, माणसं चांगली. खरंच चांगली होती. “पाहायला काय लागते? दसऱ्यानंतर येतो म्हणतात,” बाबा म्हणाले. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काय सांगणार होते? एक मुलगा मला आकडे पाठवतो, असं?

कुलदीपला मी स्थळाबद्दल लिहिलं नाही. लिहायला घेतलं की ते त्याला विचारल्यासारखं व्हायचं. आणि त्यानं ‘चांगलं आहे’ असं लिहिलं असतं तर...

मी पाठवलेल्या ६६४२७२३५६ ला कितीतरी दिवस उत्तर नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पोळीचा घास हातात, आणि फोन वाजला.

१३१७५४४८१२.

खाली ओळ नव्हती. काहीच नव्हतं. मी सवयीनं ताळा केला. एकीकडे बारा, दुसरीकडे चोवीस. फरक बारा. अकरा हवा होता. पुन्हा केला. बाराच. मग त्याची बेरीज स्वतः मांडून पाहिली. सहा न् सहा बारा, हातचा एक... तोच हातचा राहिला होता. शेवटी २२ हवे होते, त्यानं १२ लिहिले होते.

कोणाचंही चुकतं. पण बाजारच्या दिवसापासून त्यानं तपासल्याशिवाय एकही आकडा पाठवला नव्हता. आणि ओळ नाही असा एकही मेसेज नव्हता. मी लगेच फोन लावला. बंद. “हातचा राहिला,” एवढंच लिहून पाठवलं. एकच टिक. संध्याकाळी एकच. सकाळीही एकच.

आमच्याकडे त्या महिन्यात तापाचे किती रुग्ण येत होते, ते मी रोज काचेवर पाहत होते. डोंगर चढून, काहीही न लिहिता, चुकलेला आकडा पाठवून तो उतरला होता. डोकं ठिकाणावर नसलेला माणूस असंच करतो.

औषधं आणि तपासणीच्या किट घेऊन गाडी आतल्या गावांत जाणारच होती. मी डॉक्टर मॅडमना म्हटलं, “मी जाते सोबत. तपासणीला माणूस पाहिजेच.”

“तिकडे कोणी ओळखीचं आहे का?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले. पहिल्यांदा कोणापुढे तरी बोलले.

कोडसेगुड्याच्या अलीकडे नाल्याला मांडीपर्यंत पाणी होतं. गाडी तिथेच थांबली. आम्ही पेट्या डोक्यावर घेऊन पलीकडे गेलो. गावच्या आशाताई बायनाबाई काठावरच भेटल्या. साडी खोचलेली, हातात छत्री.

“बरं झालं आलात, बाई. माह्याकडच्या किट संपून आठ दिवस झाले.”

“टॉवरवाले कुठे आहेत?”

“बाकीचे डिझेल आणाले गेले, ते नाल्यानं तिकडेच अडकले. एक पोट्टा आहे शाळेच्या पडवीत. तापानं फणफणून राह्यला. भात नेऊन देतो आमी त्याले, पण खात नाई. परवा तशाच अंगानं डोंगरावर गेला होता. म्हटलं, काऊन जातं रे मरायले? तर म्हणे, काम आहे.”

तो पडवीत घोंगडीखाली कुडकुडत होता. डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला मी खरी वाटले नाही. पुन्हा मिटले. मी त्याचं बोट धरलं आणि टोचलं. बसमध्ये जे बोट माझ्या बोटाला लागू नये म्हणून तो जपत होता, ते निखाऱ्यासारखं तापलं होतं. किटच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरत गेला. एक रेघ उमटली. मग दुसरी. जिवावर बेतणारा, वाईट मलेरिया. रोज मी असे निकाल लिहिते. त्या दिवशी लिहायच्या आधी मी गोळ्यांची पेटी उघडली.

पहिली गोळी तिथेच दिली. गावच्या चौघांनी त्याला बाजेवर घेतलं आणि नाल्यातून पार केलं. बायनाबाई छत्री त्याच्या तोंडावर धरून पाण्यातून चालत होत्या. गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दुसरी जागाच नव्हती, आणि असती तरी.

बऱ्याच वेळानं त्याचे डोळे उघडले. “आकडा पाठवला होता,” तो म्हणाला.

“चुकला होता.”

“किती?”

“दहानं. बोलू नको आता.”

“म्हणून आली तू?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. साग ओले उभे होते, आणि मला ते नीट दिसत नव्हते.

चार दिवसांनी त्याचा ताप उतरला. माझी ड्यूटी संपली की मी वॉर्डात त्याच्या खाटेजवळ बसायचे. वरोऱ्याला निरोप गेला होता, आई येणार होती. आम्ही पुन्हा बेरजा सुरू केल्या. आता एका आकड्यासाठी पंधरा दिवस थांबायला नको. त्याची झाली की माझी, माझी झाली की त्याची. पहिल्या दिवशी आम्ही भराभर केल्या. दुसऱ्या दिवशी तो हळू झाला. एक बेरीज झाली की पाणी मागायचा, खिडकीतून बाहेर पाहायचा.

“थकला का?” मी विचारलं.

“नाई. शेवट माहीत आहे ना मले. जवळ आला.”

शेवटची उलटापालट माझ्या वाट्याला आली. त्यानं १८०१२००००२१०७ लिहून कागद माझ्याकडे दिला, तो सोडता सोडेना. मी उलटा लिहिला. मिळवला. एक-एक अंक उमटत गेला.

८८१३२०००२३१८८.

मी डावीकडून वाचला, मग उजवीकडून. पुन्हा डावीकडून. आठ लाख एक्क्याऐंशी हजार तीनशे वीस कोटी, तेवीस हजार एकशे अठ्ठ्याऐंशी. कुठूनही पाहा, तोच. दोन अंकांपासून निघून, चोवीस बेरजा करून, इथवर आलेला.

“किती सुंदर आहे,” मी म्हणाले.

“हाव,” तो म्हणाला. तो कागदाकडे पाहत नव्हता.

“कुलदीप...”

“मी काय म्हणतो, दिव्यानी—”

दारात एक बाई उभ्या होत्या, हातात पिशवी, डोळे रडून लाल. त्या धावतच त्याच्या खाटेकडे आल्या. मी उठले, कागद खिशात घातला, आणि त्याच्या आईला बसायला जागा दिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या त्याला वरोऱ्याला घेऊन गेल्या. जाताना तो माझ्याकडे पाहत होता. मी हात हलवला. सगळ्यांसमोर दुसरं काय करणार?

त्यानंतरचे दिवस सगळ्यांत वाईट गेले.

आकडा संपला होता. आता पाठवायचं काय? वरोऱ्याला रेंज भरपूर होती. तो ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका मला दिसायचा, माझा त्यालाही दिसत असेल. “बरं आहे का?” मी लिहिलं. “बरं आहे,” त्यानं लिहिलं. संपलं. आकड्याच्या आडून आम्ही किती बोललो होतो, आणि तो गेल्यावर एक वाक्य सुचेना. ‘काय करून राह्यली?’ असं त्यानं एकदा लिहिलं. मी लिहिलं, ‘काही नाही.’ आणि फोन छातीवर ठेवून पडून राहिले.

मग कामावर बोलावणं आलं म्हणून तो पुन्हा कोडसेगुड्याला गेला. रेंज गेली. ठिपकाही गेला.

दसरा झाला. मी गावी गेले. बाबा बांधावर उभे राहून धान पाहत होते. लोंब्या वाकल्या होत्या.

“येत्या रविवारी येतो म्हणतात ते लोक,” ते म्हणाले.

“त्यांना नका बोलावू, बाबा.”

त्यांनी एक लोंबी तोडून हातावर चोळली, फुंकर मारली. “दुसरा कोणी आहे?”

“आहे.”

“तो हाव म्हणाला का?”

“अजून विचारलं नाई.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. “मंग त्याचं उत्तर यायच्या आंधीच इकडं नाई म्हणून राह्यली तू?”

“तो नाई म्हणाला तरी मी इकडे हो म्हणणार नव्हते.”

“काय करते तो?”

“टॉवर उभारतो. जंगलात.”

“अन् राहते कुठी?”

“जिथी रेंज नाई तिथी.”

ते बांधावरून उतरले, दोन पावलं गेले, थांबले. “त्याले म्हणा, एकदा घरी ये. मले पाहायचं आहे.” आणि पुढे चालायला लागले.

मी अहेरीला परत आले. निरोप पोचवायचा कसा? गुरुवारी दुपारी लॅबमध्ये होते, आणि फोन वाजला. त्याचंच नाव. त्याचा फोन मला कधी आलाच नव्हता, मेसेजच यायचे.

“हॅलो... आवाज येऊन राह्यला का?”

मागे माणसांचा गलबला होता. कोणीतरी हसत होतं, लहान मुलं ओरडत होती.

“येऊन राह्यला,” मी म्हणाले.

“कोडसेगुड्यावरून बोलून राह्यलो. टॉवर चालू झाला. पहिलाच फोन आहे हा. सगळं गाव उभं आहे इथी, स्पीकर लावला आहे. बोल काहीतरी, टेस्टिंग आहे.”

“काय बोलू?”

“काईबी. आवाज कटते का ते पाहायचं आहे.”

पुढ्यात रक्ताच्या पट्ट्या वाळत होत्या. मी खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले. “बाबा एक स्थळ आणणार होते. मी नाही म्हटलं. तुझ्याबद्दल सांगितलं.” श्वास घेतला. “तुला न विचारता सांगितलं. त्यांनी तुला घरी बोलावलं आहे. तू येशील का?”

तिकडचा गलबला एकदम थांबला. वाऱ्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मला वाटलं, लाइन तुटली.

“काऊन चूप बसला रे?” दुरून बायनाबाईंचा आवाज आला. “पोरगी विचारून राह्यली ना.”

“येतो,” तो म्हणाला. “आईले घेऊनच येतो. मी... त्या दिवशी दवाखान्यात हेच म्हणून राह्यलो होतो. वरोऱ्यातून रोज लिहायचो अन् खोडायचो. मले वाटे, ज्याचा पत्ता दर दोन महिन्याले बदलते त्यानं कोणाले काय विचारावं?”

“मला विचारायचं होतं.”

“हाव.” तो थांबला. “पुढची साइट भामरागडच्या पलीकडे आहे. परवाच निघा म्हणतात. दोन महिने तरी लागतील. तिथी डोंगरावरूनबी रेंज नाई.”

“माहीत आहे मला.”

“वाट पाहशील?”

इतके महिने दुसरं काय केलं होतं मी? पण ते त्याला ऐकायचं होतं, आणि मला म्हणायचं होतं. “पाहीन.”

बायनाबाईंना बल्लारपूरला दिलेल्या लेकीशी बोलायचं होतं. त्यांच्यामागे रांग लागली होती, आणि गावात चालू फोन सध्या एवढाच होता.

“ठेवतो,” तो म्हणाला, आणि बराच वेळ ठेवला नाही.